शालनताईंचं कुलूप

सदाशिव पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस-पस्तीस वर्षं मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत एकच प्रश्न विचारत आले, "आत्ता जास्त स्पष्ट दिसतंय की मघाशी?" इतक्या साध्या प्रश्नावरही आमच्या पेठेतली माणसं हुज्जत घालतात. शालनताईंनी कधी घातली नाही. मी सांगेन ते त्या ऐकायच्या, आणि माझ्या जिवाला तेच लागून राहिलं आहे.

त्या मंडईत भाजी विकायच्या. नवरा, संभाजी, मार्केट यार्डात हमाल. १९९१ साली त्या मुलाला, धम्मदीपला, घेऊन पहिल्यांदा आल्या. पोरगा आठ वर्षांचा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शाळेतून चिठ्ठी आली होती. मायनस दीड नंबर निघाला.

"बाई, आमच्यात कुणालाच चष्मा न्हाई," शालनताई म्हणाल्या. "ह्याचे वडील लांबून ट्रकचा नंबर वाचतात. मग ह्याला कुठनं आला?"

"फार वाचतो का?"

"वाचायलाच तर ठेवलाय."

मी ठणकावून सांगितलं, गाजर खायला घाला आणि खोलीतला दिवा मोठा लावा. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं होतं? कुठल्याच नाही. सगळे म्हणायचे, म्हणून मीही म्हटलं. वर हेही म्हटलं, की हुशार मुलांना चष्मा लागतोच. आमच्या पेठेत जाड भिंगाचं केवढं कौतुक! शालनताईंचा चेहरा जरा खुलला.

वाचायला ठेवलाय म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. शालनताईंचे दोन भाचे शाळा सुटल्यावर खेळायला म्हणून यार्डात जायचे. हळूहळू पोती उचलायला लागले, हातात पैसे खुळखुळले आणि शाळा सुटली ती सुटलीच. आपल्या पोराच्या पाठीवर पोतं चढू द्यायचं नाही, ही शालनताईंची एकच जिद्द. म्हणून धम्मदीप दुपारी शाळेतून आला की त्याला जेवू घालायचं, पुस्तकं पुढ्यात ठेवायची आणि गुलटेकडीच्या त्या एका खोलीला बाहेरून कुलूप. किल्ली पदराच्या गाठीत. संध्याकाळी मंडईतून परत आल्यावरच दार उघडायचं. सुट्टीतही तेच. बाहेर पोरं गोट्या खेळायची, हा आत साठ वॅटच्या दिव्याखाली.

दर जूनमध्ये त्या त्याला घेऊन यायच्या. माझ्याकडच्या कार्डावर नंबर चढत गेला. अडीच, चार, साडेपाच. दरवेळी त्या ओशाळून विचारायच्या, "गाजर कमी पडतंय का, बाई?" गाड्यावर आलेल्या मालातली सगळ्यात लाल, सगळ्यात कोवळी गाजरं त्या आधी बाजूला काढायच्या. गिऱ्हाइकाला मग उरलेली.

धम्मदीप इंजिनियर झाला. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा शालनताई पेढे घेऊन आल्या आणि दुकानातच रडल्या. मीही रडले, उगाच कशाला लपवू? त्या वर्षी त्याचा नंबर मायनस अकरा होता.

२०१५ मध्ये त्या नातीला घेऊन आल्या. चैताली, सात वर्षांची, मायनस दोन. आता माझ्या दुकानात दर गुरुवारी एक तरुण डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी कागदावर दोन डोळे काढले, एक चेंडूसारखा गोल, दुसरा मागे लांबट वाढलेला.

"आजी, मूल वाढतं तसा डोळाही वाढतो. काहींचा जरा जास्तच लांबतो. मग लांबचं चित्र डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर पडायचं ते अलीकडेच पडतं, म्हणून अंधूक दिसतं. हा कल आईवडिलांकडून येऊ शकतो. सतत जवळचं बघण्याचाही वाटा असतो. आणि उघड्यावरचा उजेड मिळाला, की पडद्यात एक द्रव्य तयार होतं. ते डोळ्याच्या वाढीला आवर घालतं असं दिसतंय. हिला रोज दोन तास बाहेर खेळू द्या. आलेला नंबर जाणार नाही, पण वाढायचा वेग कमी होऊ शकेल."

"आणि मोठा दिवा लावला तर?"

"घरातला दिवा कितीही मोठा असला, तरी झाडाखालच्या सावलीत त्याहून जास्त उजेड असतो."

"गाजर?"

"गाजर चांगलंच. पण नंबरासाठी नाही."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शालनताई माझ्याकडे वळल्या. रागाचा लवलेश नाही. "गाजरं गोड होती, बाई. पोरानं आवडीनं खाल्ली." मग डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "मी पोराला आत कोंडला. त्यानं झालं का?"

"तेवढ्यानंच, असं नाही म्हणता येणार. पण बाहेर खेळला असता तर कदाचित इतका वाढला नसता."

शालनताईंनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

आठवड्याने चैतालीचा चष्मा तयार झाला. मी कुणाच्या घरी चष्मा पोचवत नाही. तो मात्र घेऊन मी बिबवेवाडीला त्यांच्या सोसायटीत गेले. चार वाजले होते. खाली कट्ट्यावर शालनताई ताठ बसल्या होत्या आणि चैताली तोंड फुगवून एका पायावर उड्या मारत होती.

"आजीने घराला कुलूप लावलंय!" तिने माझ्याकडे तक्रार केली. "टॅब आत आहे!"

"सहा वाजता उघडंल," शालनताई म्हणाल्या. किल्ली पदराच्या गाठीत होती.

तेवढ्यात धम्मदीप ऑफिसमधून लवकर आला, खांद्याला लॅपटॉप. "आई, किल्ली दे. कॉल आहे माझा."

"न्हाई. बस हितं."

"अगं, आता उन्हात बसून माझा नंबर उतरणार आहे का?"

"न्हाई उतरायचा. डॉक्टरनी सांगितलंय मला." त्यांनी शेजारची जागा पदराने झटकली. "पण तुला तवा बसवायचं राहून गेलं रं."

तो बॅग खाली ठेवून तिच्या शेजारी बसला. खिशात फोन वाजत होता, त्याने तो उचलला नाही.