फोटूवाल्या मॅडम
बियाण्याला लावायच्या लाल औषधाचा उग्र वास आला, की मला जालना एमआयडीसीतली माझी सुपरवायझरी आठवते. बी निवडणाऱ्या बायकांना हुरूप यावा म्हणून मी त्यांतल्या सगळ्यात चपळ बाईचा फोटो भिंतीवर चिकटवला. तिसऱ्या दिवशी ती रडतच आली. "साहेब, तेवढा फोटू काढा. टेम्पोत कुणी बसू देऊन न्हाई राह्यलं. 'फोटूवाल्या मॅडम, तुमची गाडी मागून यील,' म्हणत्यात. रोज पायी कसं येऊ? काम सोडावं लागंल मला." माझ्या हौसेपायी तिची रोजी जाणार, या धास्तीनं मी तो फोटो नखांनी खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी तिच्यासकट सगळ्या जणी टेम्पोतून उतरल्या आणि त्यांनी मलाच घेरलं, "तिचं काय चुकलं व साहेब? फोटू काहून काढला?" आजही बायकोच्या भाजीचं कौतुक मी आई पानावरून उठल्यावरच करतो.