विसळलेला डबा

श्रावणातला मंगळवार होता. अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, टेबलावर माझी चोवीस तासांची लघवी ठेवलेली होती. दोन लिटरच्या थोडी वर. डब्याला बाहेरून आकडे असतात, त्यामुळे सगळ्यांना दिसत होतं.

हजर होते ते असे. मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे सर म्हणत. संशोधनाचं काम बघणारी मुलगी, जिला आम्ही मॅडम म्हणायचो. मुंबईहून त्या कामाच्या तपासणीला आलेले एक साहेब. माझी धाकटी जाऊ शालू. आणि मी.

मॅडमने डब्यात डोकावून विचारलं होतं, "काकू, तळाशी पांढरी पूड होती ना?"

"होती. विसळून टाकली," मी म्हणाले. लपवण्यासारखं काही वाटलं नाही.

सरांनी डबा उचलला, उजेडात धरला, हलवला. साहेबांना म्हणाले, "बघा. डबा धुऊन आणलाय बाईंनी. पालक धुतात तसा. सांगून सांगून जीभ झिजली, पण या लोकांना विज्ञान कशाशी खातात ते कळतच नाही."

डबा हलवल्याने फेस आला. माझ्या लघवीला फेस जास्तच येतो. किडनी गळकी झाली, प्रथिनं बाहेर जातात, म्हणून येतो. एवढं मला माहीत होतं. तो फेस चार माणसं बघत होती आणि मला पदर कुठे घेऊ ते कळत नव्हतं.

आम्ही अकोल्याच्या कडेला राहतो. दीड एकर बागायत. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सणासुदीला झेंडू. पहाटे माल काढायचा, बाजारात नेऊन विकायचा. मी दहावी पास आहे. जुडी कितीची, पेंढीत किती जुड्या, अडत्याने किती कापले, हे मी तोंडी सांगते. बाजारात मला कोणी अजून फसवलेलं नाही. साखर बारा वर्षांपासून आहे. क्रिएटिनिन एक पूर्णांक चारवर गेलं तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की अमरावतीला साखरवाल्यांच्या किडनीवर नव्या गोळीची चाचणी चालू आहे, तपासण्या तिथे होतात, बघा जाऊन.

आमच्या घरी प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी पांढरी पूड दिसली, तर ती फवारणीची असते. दुसरी कसलीही नसते. असा डबा हातात आला की तीनदा विसळायचा, पाणी पोराढोरांपासून, विहिरीपासून लांब ओतायचं, मग उन्हात पालथा घालायचा. सासूने मला शिकवलं, मी शालूला शिकवलं. दवाखान्यातून मिळालेला डबा मी घरी उघडला, पूड पाहिली आणि हात आपोआप नळाकडे गेला. विषाची धास्ती होती. घाण म्हणून नव्हता धुतला. हे सरांना सांगायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "राहू द्या. तुम्हाला सगळं सांगितलं होतं. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

चाचणीत घेताना कॅमेऱ्यापुढे बसवतात. डॉक्टर सगळं समजावून सांगतात, आपण समजलं म्हणतो, आणि ते सगळं साठवून ठेवतात. नियम आहे तसा. माझं चैत्रात झालं होतं.

सरांनी मॅडमला संगणक फिरवायला सांगितला. पडद्यावर मी दिसले. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीत. सरांचा आवाज भराभर चालला होता. "कलेक्शन कंटेनरमधलं प्रिझर्वेटिव्ह डिस्टर्ब करायचं नाही. समजलं?"

पडद्यावर मी मान हलवली. "समजलं."

पुढे आणखी काही. "समजलं?" "समजलं." आणखी काही. "समजलं."

सर साहेबांना म्हणाले, "आता सांगा, चूक कोणाची?"

मी स्वतःला बघत होते. मला माझीच किळस आली. ती बाई काहीही ऐकत नव्हती. फक्त सर थांबले की मान हलवत होती. शालू माझ्या शेजारी उभी होती, तिने हे सगळं पाहिलं. तिलाही साखर आहे. तिच्या पायावर सूज येते. पुढच्या तुकडीत तिचं नाव लागणार होतं, आणि ते मीच लावलं होतं. चांगलं आहे, मोठे डॉक्टर आहेत, सगळं समजावून सांगतात, असं मीच तिला सांगितलं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की त्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातच नाही. चैत्रात त्या खुर्चीत बसल्यावर मी आधी एक गोष्ट विचारली होती. "या गोळीनं किडनी बिघडाची थांबते, का तुमी अजून पाहूनच राहिले?" सरांनी हात वर केला होता. कॅमेरा बंद. म्हणाले होते, "बाई, इथं भाजीचा भाव करायचा नसतो. मागे लोक खोळंबलेत. मी थांबलो की समजलं म्हणायचं, झालं." खोलीतली दोन शिकाऊ मुलं हसली होती. मीही हसले होते. हसण्यावारी नेलं म्हणजे अपमान झाला असं वाटत नाही. मग कॅमेरा पुन्हा सुरू झाला, आणि पडद्यावर होतं ते तिथून पुढचं.

माझा प्रश्न कुठेच नव्हता. माझी मान तेवढी होती.

आम्हाला बाहेर बसवलं. थोड्या वेळाने मॅडम आली. ती मूर्तिजापूरकडची. दवाखान्यात पुस्तकातल्यासारखं बोलते, बाहेर आली की आपल्यासारखी. "काकू, मनावर नका घेऊ. सरांचा स्वभावच तसा हाय. तुमाले आज परत एक डाव कॅमेऱ्यासमोर बसा लागते. डब्याचं पुन्हा समजावून सांगतलं असं दाखवा लागते. साहेब आले ना."

ती गेल्यावर शालू म्हणाली, "चाला जाऊबाई, घरी जाऊ. मुताच्या डब्यापायी एवढं काहून ऐकून घ्याचं?"

सकाळी याच शालूने मला एसटीत हसवलं होतं. डबा भाजीच्या पिशवीत, वरून टॉवेल. शेजारच्या बाईने विचारलं, "काय वं, ताक हाय का?" मी लाजेने खिडकीकडे तोंड केलं. शालू म्हणाली, "हो माय, घरचंच हाय. पण आंबलं थोडं. देऊ का?" ती बाई नको म्हणाली. मूर्तिजापूर गेलं तरी आम्ही तोंडात पदर कोंबून बसलो होतो.

आता शालूच्या तोंडावर हसू नव्हतं. मी म्हणाले, "थांब."

"कशाले? अजून धुऊन घ्याचं हाय का?"

"थांब म्हटलं ना."

मला घरी जायचं होतं. पाय जिन्याकडे ओढत होते. पण गेले असते तर त्या संगणकात मी तशीच राहिले असते, मान हलवत. पुढे कोणालाही दाखवायला.

दुपारी पुन्हा तीच खुर्ची. साहेब कोपऱ्यात त्यांच्या संगणकात काही लिहीत होते. शालू दाराशी उभी. मॅडमने कॅमेरा सुरू केला. लाल ठिपका लागला. सरांनी डब्याचं वाचून दाखवलं, आता जरा सावकाश.

"समजलं?"

"नाही जी."

सरांनी वर पाहिलं. "काय नाही समजलं?"

"पयल्यापासून."

सर मॅडमला म्हणाले, "बंद कर जरा."

"बंद नका करू मॅडम," मी म्हणाले. "मी बोलून राहिली अजून."

माझा आवाज चिरकला होता. मी हात टेबलाखाली धरले. मॅडमचा हात कॅमेऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. का राहिला ते मला माहीत नाही. साहेबांनी लिहिणं थांबवलं. लाल ठिपका तसाच.

मी म्हणाले, "ती पूड कायची होती?"

"लघवी खराब होऊ नये म्हणून असते."

"हे असंच सांगतलं असतं तर म्या हात लावला नसता. मले वाटलं फवारणीचं औषध हाय. मले ज्या गोळ्या देता त्यात औषध हाय का नाही?"

सरांनी साहेबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते. निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती हे मलाही माहीत नसतं. संशोधन असंच असतं. तुमच्या नेहमीच्या गोळ्या चालूच आहेत ना."

चैत्रापासून मी ती गोळी रोज सकाळी घेत होते. घेताना हात जोडत होते.

"माझं क्रिएटिनिन आता किती हाय?"

"एक पूर्णांक सात."

"म्हणजे वाढलं."

"थोडं."

"अन हे संपल्यावर? खरी गोळी कामाची निघाली तर मले भेटंल का?"

"ते कंपनी ठरवेल."

"माझ्या रक्तावरून, माझ्या लघवीवरून ठरंल की गोळी चांगली हाय. अन मलेच भेटंल का नाही ते ठरलं नाही."

"बाई, इतक्या तपासण्या आम्ही तुमच्या फुकट करतो..."

"फुकट नाही जी. दर महिन्याले रक्त देते. आज डबा भरून आणला. तो तुमी सगळ्याईले दाखवला."

सरांनी समोरचे कागद गोळा केले.

मला वाटलं होतं की बोलून झाल्यावर मोकळं वाटेल. तसं झालं नाही. मला आणखीच लाज वाटली. चार प्रश्न होते फक्त. कुठलाही अवघड नव्हता. भेंडीच्या बियाण्याचं पाकीट घेताना मी याहून जास्त विचारते. उगवण किती, नाही उगवलं तर कोण भरून देणार. आणि स्वतःच्या किडनीच्या वेळी मोठा माणूस समोर बसला म्हणून मान हलवून आले, वर घरी जाऊन कौतुक केलं.

सर म्हणाले, "मग आता समजलं ना? पुढे चालू ठेवायचंय ना?"

"समजलं. पण आज मी हो म्हणत नाही."

"नाव काढावं लागेल. नुकसान तुमचंच आहे."

"काढा."

ते खोटं बोलले नव्हते. नुकसान माझंच झालं. कदाचित मला खरी गोळी मिळत असेल, कदाचित नसेल. ते मला आता कधी कळेल असं वाटत नाही. चैत्रात त्यांनी हे सगळं सांगितलं असतं, तर मी हो म्हणाले असते. कोणाच्या तरी लघवीशिवाय औषध तयार होत नाही, हे मलाही कळतं. माझी दिली असती. खुशीने दिली असती.

आता मी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जाते. सकाळी रांगेत लागायचं, दुपारी नंबर येतो. मागच्या वेळी एक पूर्णांक आठ निघालं. मीठ कमी केलं आहे. बाकी जे सांगतात ते विचारून घेते. डॉक्टर वैतागतात. वैतागू देत.

मागच्या आठवड्यात मॅडमचा शालूला फोन आला. तुकडी भरायची आहे, सोमवारी या. शालूला जायचं आहे. सूज उतरत नाही, आणि बाहेरच्या तपासण्यांचा खर्च तिला झेपत नाही. मी तिला अडवलेलं नाही.

रोज संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधताना आम्ही बसतो. मी डॉक्टर बनते, भराभर बोलते, मध्येच थांबते आणि म्हणते, "समजलं?" पहिल्या दिवशी तिने मान हलवली. मी हातातली जुडी तिच्या मांडीत टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. काल तिने विचारलं, "काय समजलं ते तुमीच सांगा ना पयले." बरं विचारलं.

सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे. तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसणार आहे. कॅमेरा बंद केला, तर ती बोलणार नाही. सुरू केला, तर पहिला प्रश्न तिचा. तिची जीभ अडली तर मी विचारीन. मला बाहेर काढलं तर दारात उभी राहून विचारीन, सगळ्या खोळंबलेल्या लोकांना ऐकू जाईल असं.