मावशींची बॅटरी आणि आवाजाचा लूप

घाई झाली की ऑपरेटर चपला उलट्या पायांत घालतात. त्या रविवारी सकाळी ते तशाच चपलांवर माझ्या दारात उभे राहिले.

"पुढारी, चल. पेटी घ्यायचीय आज. दुकानातले लोक माझ्याशी धड बोलत नाहीत. तुला बघून निदान घाबरून तरी बोलतील."

ऑपरेटर म्हणजे आमच्या थेटरच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं मशीन चालवलेला माणूस. थेटर बंद पडू नये म्हणून आम्ही सगळे गेटवर धरणं धरून बसलो होतो, मी सगळ्यांत पुढे, म्हणून 'पुढारी'. हरलो. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही. कुलूप लागलं तेव्हा ऑपरेटरांनी तिथला जुना अँप्लिफायर आणि दोन दांडगे स्पीकर घरी आणले. मागच्या खोलीची भिंत घासून पांढरी केली, छताला वापरलेला प्रोजेक्टर टांगला, खिडकीला घोंगडी ठोकली. आता नेटवरून सिनेमा आणणारी पेटी तेवढी राहिली होती.

हा सगळा खटाटोप मावशींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. मावशी त्याच थेटरात हातात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायच्या. चित्र अस्पष्ट झालं की केबिनच्या काचेवर एकदा उजेड मारायचा, आवाज बिघडला की दोनदा, ही दोघांची ठरलेली खूण. लग्नही त्या उजेडातच जमलं, असं ऑपरेटर सांगतात. मावशी म्हणतात, "मी फोकस मागत होते, यांना भलतंच वाटलं."

आता मावशींना निम्मंच ऐकू येतं. उरलेलं निम्मं त्या बोलणाऱ्याच्या ओठांवरून उचलतात. मोबाइलवरचा इवलासा चेहरा त्यांना वाचता येत नाही, म्हणून दोन वर्षं त्यांनी सिनेमाच सोडला होता. मोठ्या भिंतीवर मोठे ओठ दिसले तर त्या परत बसतील, एवढीच ऑपरेटरांची आशा.

दुकानात टायवाल्या विक्रेत्यानं सगळ्यांत वरच्या फळीवरची काळी चकचकीत पेटी काढून टीव्हीला जोडली. चित्र किती धारदार, रंग किती खोल, सुरू किती झटकन होते, त्याची टकळी थांबेना. ऑपरेटर पडद्याला नाक लावून उभे. कपाळावरचा एकेक केस मोजता येत होता.

"हीच," ते म्हणाले.

दुपारी जोडणी झाली. पेटीतून चित्र प्रोजेक्टरला, आवाजाची तार जुन्या अँप्लिफायरला. मावशी मधल्या खुर्चीत बसल्या, मांडीवर जुनी बॅटरी. सिनेमा सुरू झाला आणि भिंतीवर हातभर ओठांचा चेहरा उमटला. ऑपरेटर तर पार हरखले होते.

बॅटरी दोनदा लुकलुकली.

"काय झालं? मस्त चाललंय की," ऑपरेटर म्हणाले.

पुन्हा दोनदा. मग मावशी उठल्याच. "आवाज आधी येतोय, ओठ मागून. माझे कान आणि डोळे भांडायला लागले. राहू द्या हो, माझ्या नशिबात नाही आता." आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

ऑपरेटर मटकन स्टुलावर बसले. "एकतीस वर्षं मी हेच सांभाळलं, आणि आज चित्राला भुलून विसरलो."

मला काही कळेना. मग त्यांनी मफलर हातात घेऊन दाखवलं. फिल्मच्या मशीनमध्ये चित्र वरच्या जागी दिसायचं आणि आवाज खालच्या जागी वाचला जायचा. मधे फिल्मचा सैल वेढा सोडायचा, तो लूप. वेढा चुकला की ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. "इथं प्रोजेक्टर चित्र जुळवायला वेळ घेतोय, आणि आवाज तारेतून सरळ पळतोय. आवाजाला जरा अडवायला पाहिजे. पेटीत लूप पाहिजे."

आम्ही पेटी उचलून पुन्हा दुकानात. ऑपरेटरांनी विचारलं, "हिच्यात लूप कुठं सोडायचा?"

विक्रेता हसला. "काका, ही फिल्म नाही. हिच्यात सगळं आपोआप असतं."

माझं डोकं सटकलं. "आपोआप असतं तर त्यांची बायको उठून का गेली? तुमचं चित्र त्यांनी पाहिलं, आता त्यांचा प्रश्न तुम्ही ऐका. तोवर मी इथून हलत नाही." आणि मी काउंटरसमोर फरशीवर बसले. माझी बैठक जुनी आहे, मोडत नाही.

"पुढारी, ऊठ, लोक बघतायत."

"बघू देत."

विक्रेत्याचं हसू मावळलं. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं ऑपरेटरांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि एकेक पेटी लावून सेटिंगमध्ये शिरायला सुरुवात केली. चकचकीत पेटीत तसं काही नव्हतं. दुसरीत नव्हतं. खालच्या फळीवर एक करडी, साबणाच्या डबीएवढी पेटी होती. तिच्यात सात पायऱ्या खाली गेल्यावर तो थांबला. "काका, इथं आवाज मागे ढकलता येतो. थोडा थोडा."

ऑपरेटरांनी डोळे मिटून घेतले. "लूप," एवढंच म्हणाले.

चहाच्या आधी आम्ही करडी पेटी घेऊन परत खोलीत होतो. मावशींना मी हाताला धरून आणलं. "शेवटचं हं," असं बजावून त्या बसल्या. ऑपरेटर दारात रिमोट घेऊन उभे राहिले, केबिनमध्ये राहायचे तसे.

दोनदा लुकलुकली. त्यांनी एक पायरी दाबली. दोनदा. आणखी एक. दोनदा. आणखी दोन.

काहीच नाही.

"बॅटरी संपली का गं तिची?" ते माझ्या कानात कुजबुजले.

मी पुढे वाकून पाहिलं. मावशींचं भिंतीवरून लक्ष हलत नव्हतं. भिंतीवरची बाई बोलत होती आणि तिच्याबरोबर मावशींचे ओठ हलत होते.

"चालूय," मी म्हणाले. आणि उगाच खोकले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग मान न वळवता मावशींनी बॅटरी वर धरली आणि एकदाच लुकलुकवली.

"फोकस," ऑपरेटर म्हणाले, आणि उलट्या चपलांनी धावत स्टुलावर चढले.