दक्षिणेकडं पाय

निजामाच्या अमलात आमच्या बीडकडच्या एका दवाखान्यात बायकांसाठी एकच लांबट खोली होती. दार दक्षिणेला, आणि निजणाऱ्यांचे पाय दाराकडं येतील अशा खाटा मांडलेल्या. तापानं फणफणलेली माझी आई अडून बसली, "यमाच्या दिशेला पाय करून मी न्हाई निजायची." शेवटी मी तिची उशी उलटीकडं ठेवली. मग दाईनं मला बाहेर काढलं. सोबतीच्या माणसानं उंबऱ्याबाहेरच बसायचं. तिथून बाकीच्या सगळ्यांचे चेहरे दिसत होते, आईचा नुसता अंबाडा. ती झोपलीय की शुद्ध हरपलीय, हे अंबाड्यावरून काय डोंबल कळणार? दुपार कलल्यावर आईनं समोरच्या कोऱ्या भिंतीला हळूच विचारलं, "गेलीस का गं?"