केळ्यांच्या कंपनीची मी केलेली वकिली

जर्मनीत वाल्डॉर्फला मी तेव्हा फळांचं काम करत होतो. म्हणजे फळ कधी हाताला लागलं नाही. जगभर केळी विकणारी एक बडी कंपनी आमच्या ऑफिसची क्लायंट होती आणि तिची जहाजं, शीतगृहं माझ्या सॉफ्टवेअरमधून जायची. घरी मात्र मी असा रुबाब करायचो, की युरोपातलं केळं मला विचारूनच पिकतं.

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. नव्या घराची सत्यनारायणाची पूजा होती. गुरुजी पुण्याहून लॅपटॉपवर, मी सोवळं नेसून पाटावर. तेवढ्यात प्रसादाच्या शिऱ्यासाठी आणलेली केळी माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने पाहिली आणि तिचं इंजिन सुरू झालं. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. शाळेत तिचं केळ्यांवर रेफेराट होतं, वर्गासमोर भाषण. त्यासाठी वाचताना तिला सापडलं होतं, की यादवी चाललेल्या एका देशात आमच्या याच क्लायंटने मळे चालू ठेवायला बंदूकवाल्या टोळ्यांना हप्ते दिले. आणि त्यांचं काम कोण करतं, तर बाबा! हा प्रसाद ती खाणार नव्हती.

"काय म्हणतेय हो ती?" सासूबाईंना जर्मन येत नाही.

"काही नाही आई. केळी जरा कच्ची आहेत म्हणतेय."

पोरीला मराठी कळतं, हे मला नेमकं वाक्य संपल्यावर आठवलं.

"आजी, बाबा खोटं बोलतो," ती चक्क मराठीत म्हणाली. "त्याची कंपनी माणसं मारणाऱ्यांना पैसे देते."

"अगंबाई, मराठी बोलली!" बायको स्वयंपाकघरातून फोन घेऊन धावत आली. "परत बोल ना राणी, मावशीला पाठवते."

सासूबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. "खरं का जावईबापू?"

"माझी नाही हो, क्लायंटची कंपनी," मी आधी स्वतःला सोडवून घेतलं. "आल्झो, म्हणजे, ते एवढं सोपं नाहीये. हप्ता नाही दिला तर मळ्यातल्या कामगारांना मारतात. दिला तर त्याच पैशाच्या गोळ्या होतात. मळा सोडून निघून यावं, तर कामगारांची चूल बंद."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मग हप्ता देताना त्या कामगारांना कुणी विचारलं?"

"ते आमच्या सिस्टिममध्ये येत नाही."

"काय येतं?"

"केळ्यांचं तापमान."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" लेक टाळी वाजवत म्हणाली.

"यजमान," लॅपटॉपमधून गुरुजी खाकरले, "मला पुढे वास्तुशांत आहे. संकल्पाचं पाणी घ्या हातात."

मी घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "पाणी हातात आहे तोवर बोला. सोमवारी विचारणार का?"

"कुणाला?"

"ज्यांना केळ्यांचं तापमान विचारता, त्यांना."

ओंजळीतून पाणी गळत होतं, सोवळं सुटत होतं. मी हो म्हणालो. बायकोने तेही फोनवर टिपलं. शिऱ्यात शेजारणीच्या बागेतली सफरचंदं पडली आणि लेकीने दोनदा मागून खाल्ला.

सोमवारी क्लायंटच्या मीटिंगमध्ये मी घसा साफ करून विचारलं. विचारलं म्हणजे, "घरून एक प्रश्न आला आहे," अशी सुरुवात केली. तिकडून उत्तर आलं, की हे लेखी कळवू. ते काही आलं नाही. आलं साहेबांचं बोलावणं, आणि पंधरा दिवसांत मला फळांवरून उचलून स्क्रू बनवणाऱ्या एका कंपनीच्या कामावर टाकलं.

हे मी घरी अगदी हुतात्म्याच्या आवाजात सांगितलं. सासूबाईंनी पानात एक पोळी जास्त वाढली. लेकीने मान डोलावली, मला वाटलं आता मिठी मारणार.

"छान बाबा," ती म्हणाली. "पण ते स्क्रू कशात बसवतात?"

मला खरंच माहीत नव्हतं. त्यांचं फक्त वजन माहीत होतं.

"विचारतो," मी म्हणालो आणि पोळी मोडली.