खळ्यावरची राख

कोरोनात मी शिकवायचो ती शाळा बंद होती. किन्हवलीजवळच्या वाडीवर मी रोज सकाळी दूध आणायला चालत जायचो. वाटेतल्या खळ्यावर एक म्हातारा दिसायचा. फडक्यात बांधलेली भाकरी तो तिथल्या खोपीच्या दाराशी ठेवायचा, दहा पावलं मागे येऊन बसायचा आणि आतल्या लेकाचं जेवण होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचा.

लेक मस्कतला अडकला होता. काम सुटलेलं, विमानं बंद. सात महिन्यांनी वाट मोकळी झाली, तेव्हा कुठे तो परतला होता. आणि म्हाताऱ्याने त्याच्या खोपीभोवती राखेचं कडं ओढलं होतं.

मला चीड आली. "बाबा, दोन देशांनी त्याला येऊ दिलं, आणि तुम्ही घराजवळ आणून कोंडलंत?"

तो रागावला नाही. राखेने भरलेली बोटं धोतराला पुसत म्हणाला, "गुरुजी, भाताच्या राशीभवती आमी राख ओढतो, ती काय भाताला कोंडायला नाय. घरात नेईपर्यंत सांभाळायला."

घरात म्हाताऱ्याची बायको आजारी होती, हे मला नंतर कळलं.

पंधराव्या दिवशी लेक ठणठणीत होता. म्हाताऱ्याने पायाने राख विस्कटली, लेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग "चल रे" म्हणाला, आणि लेकाची बॅग त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली, सुगीतलं पहिलं पोतं घरी नेतात तशी.