पलंगासमोरची बाई

नव्वदच्या दशकात आम्ही कुवेतमध्ये मंगफला राहत होतो, तेव्हा मला तिसऱ्यांदा दिवस राहिले. आधीची दोन्ही बाळं पाचव्या महिन्यात गेली होती. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला पलंगावरून हलायला बंदी केली आणि आई नाशिकहून आली. आईचं शास्त्र पक्कं होतं: पोटुशी बाईच्या नजरेसमोर सुंदर चित्र असावं, म्हणजे मूल तसं होतं.

माझ्या नवऱ्याच्या रिफायनरीतला एक जपानी इंजिनियर काँट्रॅक्ट संपवून परत निघाला होता. घर आवरताना त्याने नवऱ्याला एक जुनं चित्र दिलं. लाकडी ठशांनी छापलेलं, कागदावर लाकडाच्या रेषासुद्धा उमटलेल्या. पांढराफटक चेहरा, मोकळे केस, हातांत कापडात गुंडाळलेलं बाळ. आईला काय, मायलेकरं दिसली! तिने शेजारच्या फहाहीलच्या बाजारातून फ्रेम करून आणवली आणि बरोबर माझ्या उशीसमोर लावून घेतली.

मला ती बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती बाळाकडे बघतच नव्हती. बाळ पुढे केलेलं आणि नजर माझ्यावर. धुळीचं वादळ आलं की भरदुपारी खोली पिवळी व्हायची, तेव्हा तिचे हात काचेला आतून टेकल्यासारखे वाटायचे. कमरेखाली रंग विरत गेला होता, पाय नव्हतेच.

"जुनं आहे गं, शाई उडाली असेल," आई म्हणाली.

मी चिडून उशी पायथ्याशी नेली, तर आईने ती परत जागेवर आणून ठेवली.

सातव्या महिन्यात तो इंजिनियर बायकोला घेऊन निरोप घ्यायला आला. मला उठता येत नव्हतं, म्हणून दोघांना आतच बोलावलं. बायको दारातच थबकली आणि त्याच्याशी जपानीत भराभर बोलली. त्याचा चेहरा उतरला. त्याच्या लेखी ते नाटकाचं चित्र होतं, दिवाणखान्यात लागेल असं त्याला वाटलेलं. माफी मागत मागत त्याने इंग्रजीत सांगितलं. ही बाई नव्हेच, काबुकी नाटकातला पुरुष नट आहे. आणि सोंग आहे भुताचं, बाळंतपणात मेलेल्या बाईचं. वाटेत जो भेटेल त्याला ती विनवते, माझं बाळ जरा धरा.

मी आईला मराठीत सांगितलं.

"म्हणजे हडळच की," आई म्हणाली आणि तिनेच चित्र भिंतीवरून उतरवलं.

चित्र पाहुण्यांबरोबर परत गेलं. मी मात्र दोन महिने रिकाम्या भिंतीकडे बघत काढले. मूल जाईल ही भीती जुनीच होती, तिची सवय झाली होती. आता मूल राहील आणि मीच जाईन, असं वाटायला लागलं.

मुलगी झाली, चांगली ठणठणीत. माझं रक्त फार गेलं, दोन दिवस मला धड शुद्ध नव्हती. घरी आल्यावर तिला घेऊन मी भिंतीला टेकून उभी होते. नवरा जवळ आला आणि त्याने हात पुढे केले.

"दमलीस. दे इकडे, मी धरतो जरा."

मला देता येईना. दिली तर मी मेलेली आहे हे पक्कं होईल, असं वाटलं. मी तिला इतकी आवळली की ती रडायला लागली.

"मी म्हटलं का तुम्हाला, धरा म्हणून?" मी ओरडले. "म्हटलं का मी?"